तनूची पांढरी जास्वंद

१२ जून
पांढरीच्या सात कळ्या गळल्या. उमललेली एक नाही. जाळी बांधूनसुद्धा पानं कडेनं करपली आहेत. मुळाशी केळीच्या खोडाचा चुरा घातला, ओल टिकावी म्हणून. लाल आणि केशरीला काही होत नाही, कितीही ऊन असो. पांढरी नाजूक.

दुपारी सुरेश भाऊजी आले, वैशालीला घेऊन. लग्नाला महिना झाला, जोडीनं पहिल्यांदाच यावलला. तनूनं वडिलांना पाणी दिलं, पाहुण्याला देतात तसं. तिची आई रेखा गेली तेव्हा ही चौदा महिन्यांची होती. भाऊजी दोंडाईच्याला मिरचीच्या पेढीवर नोकरीत, एकटा माणूस, तान्ही पोर कशी सांभाळणार? म्हणून माझ्याकडे. नऊ वर्षं झाली.

चहा झाल्यावर म्हणाले, "वहिनी, आता घर झालंय. तनूला घेऊन जावं म्हणतो."

तोंडातून हो निघालं. मग कप विसळायला गेले, ते विसळतच राहिले.

लग्न करा, लग्न करा, म्हणून दरवर्षी मागं कोण लागत होतं? मीच.

१३ जून
नाना सकाळीच केळीच्या बागेत गेले. जेवायला आले, तेव्हा विचारलं, तुमचा धाकटा भाऊ आहे, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत? ताटातून वर न बघता म्हणाले, "पोरगी त्याची आहे. मी काय बोलू?"

अर्धी भाकरी ठेवून उठले.

१९ जून
जळगावला माझ्या दादाकडे जाऊन आले. दादा कोर्टात कारकून, त्याला कळतं. म्हणाला, दत्तकपत्र केलं होतंस का? नाही. साधा कागद? नाही. "मग तुझा हक्क नाही, बाई. बाप जिवंत आहे, कमावता आहे. पण पोरगी दहा वर्षांची आहे. तिचं म्हणणं काय, ते बघतात."

बसमध्ये तेच घोळत राहिलं. तिचं म्हणणं काय.

कागद करायचं कधी सुचलंच नाही. घरातल्या घरात कोण कागद करतं?

६ जुलै
रविवार. तनूचं डोकं. लाल जास्वंदीची चाळीसेक फुलं, मूठभर पानं, खोबरेल. मंद आचेवर तेल काळपट होईपर्यंत. ती फुलं खुडते आणि मोजते, दर वेळी चुकते. केस कमरेच्या खाली गेलेत. दोन वेण्या घालायला अर्धा तास. मान हलवू नको म्हटलं की हमखास हलवते.

आज केसांत बोटं असताना म्हटलं, पप्पा विचारतील, तेव्हा सांग, मला नाही यायचं.

म्हणाली, "पप्पांना वाईट वाटेल ना."

"नाही वाटत," म्हटलं मी.

लिहून ठेवते. मी असं म्हटलं.

१२ जुलै
शनिवार. भाऊजी आले, एकटे. तनूसाठी फ्रॉक आणला होता. तिला समोर बसवून म्हणाले, "तनू, आपल्या घरी यायचं ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पाठ केलेली कविता म्हणतात तसं, "मला नाही यायचं. मला इथंच राहायचं."

त्यांनी फ्रॉकची पिशवी खाली ठेवली. "बरं." उठले, नानांच्या चपला घालून निघाले. कोपऱ्यावरून परत आले चपला बदलायला. दारात उभं राहून म्हणाले, "वहिनी, रेखा गेली तेव्हा हिला उचलून घ्यायची मला भीती वाटायची. तुम्ही घेतलंत. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण नऊ वर्षं मी दर शनिवारी यायचो, तो काही पाहुणा म्हणून नाही."

रडले. नानांनी त्यांना स्टँडपर्यंत सोडलं.

मी ओट्याला धरून उभी. तनू आली, पदर ओढून हळूच विचारलं, "मी बरोबर बोलले ना?"

१३ जुलै
नानांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "त्याले फोन कर. खरं सांग."

केला. भाऊजी, ते तिचे शब्द नव्हते, माझे होते. म्हणाले, "ठीक आहे, वहिनी." फोन त्यांनी आधी ठेवला नाही. मीच ठेवला.

१५ जुलै
ठरलं. गणपती झाले की जायचं. तनूला मीच सांगितलं. तिला काही कळेना. "पण तूच म्हणालीस ना, सांग म्हणून?"

त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. नानांच्या मागं मागं बागेत फिरली.

२७ जुलै
आज बोलली. म्हणाली, पांढरी न्यायची. अख्खं झाड कसं नेणार? भिंतीला लागून रुजलेलं, चार वर्षांचं. नाना म्हणाले गुटी बांधू, झाडावरच फांदीला मुळं फुटतील. तिघं बसलो. नानांनी पेन्सिलएवढी जाड फांदी निवडली, बोटभर रुंद साल गोल काढली, आतला हिरवा चीक पुसून कोरडा केला. "थोडी जरी साल राहिली ना, ती पुन्हा जुळते. मग मूळ फुटत नाही." वर ओलं शेवाळ, त्यावर प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. तनूनं गाठ मारली. जरा ढिली होती. नानांनी तिच्या मागून घट्ट केली.

किती दिवस? पाच-सहा आठवडे. उघडून बघायचं नाही.

१० ऑगस्ट
रोज शाळेतून आली की आधी तिथं. "मुळं आली?" नाही अजून. प्लास्टिकवर नाक टेकवून बघते.

माझ्या मनात येतं, नको येऊ देत. झाडाचा काय दोष. रोज शेवाळ ओलं आहे ना, ते मीच चाचपून बघते.

२३ ऑगस्ट
नाना शाळेत दाखला आणायला गेले. तासभर झाला तरी नाहीत, म्हणून मी बघायला गेले. शाळेच्या पायरीवर बसलेले, दाखला मांडीवर. वर भाऊजींचंच नाव, पालक म्हणून. पहिलीत घालताना यांनीच लिहिलं होतं, सुरेशचं. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.



७ सप्टेंबर
मुळं दिसली. पांढरी, दोऱ्यासारखी, प्लास्टिकला आतून चिकटलेली. तनू अंगणभर नाचली. नानांनी गुटीच्या खालून फांदी कापली, निम्मी पानं काढली, तेलाच्या डब्यात लावली. आठ दिवस सावलीत. तनूनं डब्यावर खडूनं नाव लिहिलं. स्वतःचं.

१४ सप्टेंबर
नेऊन सोडलं. जळगावहून सकाळची सुरतकडची पॅसेंजर. डबा तिच्या दोन पायांमध्ये. अमळनेर येईपर्यंत बडबड, पुढं गप्प. मग माझ्या मांडीवर झोपली. एवढी मोठी झाली, पाय बाकावर मावत नाहीत.

घर बरं आहे. दोन खोल्या, मागं छोटं अंगण, ऊन येतं. वैशालीनं तिच्यासाठी वेगळं कपाट ठेवलंय. आत वर्तमानपत्र अंथरलेलं, कडा नीट दुमडलेल्या. मला ते कपाटच सहन होईना.

निघताना तनू रडली नाही. डब्याला पाणी घालत होती. "किती घालू गं, मोठीआई?" बोट मातीत खुपस, कोरडं लागलं तरच. "बरं."

गाडीत मी काय केलं ते आठवत नाही. भुसावळला उतरले. जळगाव मागं गेलं, कळलंच नाही.

१६ सप्टेंबर
माझी अंगणवाडी उघडली. वजनाचा दिवस. बावीस मुलं काट्यावर घेतली आणि उतरवली. प्रत्येक वेळी हात रिकामे होतात ते आजच जाणवलं.

माझी स्वतःची दोन राहिली नाहीत. तेव्हाही एवढं नव्हतं. त्यांचे चेहरे मी पाहिले नव्हते.

२१ सप्टेंबर
वैशालीचा फोन. सोनगीरची पोर, मराठी बोलायला जाते आणि घाबरली की अहिराणीवर येते. "अक्का, ती जेवस नही. बठ्ठं, सगळंच करी पाहिलं. तुम्ही काय देतस तिले?"

सांगितलं. वरणात गूळ नको. बट्टी कुस्करून द्यायची, तूप वरून, तिच्यासमोर. वांगं सालीसकट नको.

एक सांगितलं नाही. ती जेवते तेव्हा शेजारी कुणीतरी बसावं लागतं. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. ते माझ्याजवळच ठेवलं.

२२ सप्टेंबर
राहवलं नाही. संध्याकाळी फोन करून सांगितलं. वैशाली म्हणाली, "एवढंच?" मग हसली, मग रडली. "मी तिनी माय नही, हाई मले माहीत शे, अक्का."

म्हटलं, तू बस शेजारी.

२४ सप्टेंबर
भाऊजींचा मेसेज. "दोन बट्ट्या खाल्ल्या."

चार वेळा वाचला. आनंद झाला. मग नाही.

११ ऑक्टोबर
दोंडाईच्याला गेले. तेलाची बाटली नेली होती.

तनूनं दार उघडलं. केस कानापर्यंत.

उवा झाल्या होत्या, शाळेतून चिठ्ठी आली. वैशाली दाराच्या आड उभी, बाहेरच येईना. म्हणाली, तीन दिवस फणी केली, औषध लावलं, निघेनात, पोर डोकं खाजवून रक्त काढायची. चूक काहीच नव्हती तिची. मीही कापलेच असते. नसते कापले. काय माहीत.

तनू मान गरगर फिरवून दाखवते, "बघ, किती हलकं!"

मी म्हटलं, छान दिसतेस.

मागं अंगणात पांढरी. नवी सहा पानं फुटलीत. गोदामं जवळ, हवेत मिरचीची धूळ, पानांवर तांबूस थर बसतो. वैशाली रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसते. तनूनं सांगितलं. "मम्मी पु…" आणि थांबली. माझ्याकडे बघितलं, काहीतरी सांडल्यासारखं.

मी म्हटलं, मम्मीला सांग, पानाच्या खालूनही पुसायचं. कीड तिथंच बसते.

तिनं श्वास सोडला. दिसला मला.

तेलाची बाटली पिशवीतच राहिली. परत आणली.

२४ ऑक्टोबर
दिवाळीचे चार दिवस तनू इथं. आल्या आल्या अंगणात. "पांढरी केवढी झाली!" मग, "आमच्याकडची अजून एवढीशीच आहे." आमच्याकडची.

नानांबरोबर बागेत जाऊन आली. माझ्याबरोबर शंकरपाळे केले. शेजारची पोरं आली, त्यांना दोंडाईच्याच्या शाळेचं सांगत होती. मी आत पीठ चाळत ऐकत होते. तिला मैत्रीण मिळालीय, हर्षाली.

हेच हवं होतं ना सगळ्यांना?

२७ ऑक्टोबर
गेली. भाऊजी न्यायला आले होते. रिक्षात बसताना तिनं हात केला, मग बापाशी बोलायला लागली. रिक्षा वळायच्या आधीच.

२ डिसेंबर
काही नाही.

९ जानेवारी
महिन्यावर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. फोन रविवारी असतो. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "हो." मागून हर्षाली हाक मारते. "मोठीआई, ठेवू?"

थंडी फार. अंगणात फिरकलेच नाही. आज सहज गेले तर पांढरीच्या शेंड्यांवर कापूस. पिठ्या ढेकूण. शेंडे सगळे मुरडलेत, कळ्या चिकट, बुंध्यावर मुंग्यांची रांग. महिनाभर मी बघितलं नाही, त्याचं हे. लालवरही चढलाय.

नानांना म्हटलं, काढून टाका. सगळ्याच काढून टाका. कुणासाठी ठेवायच्या?



१० जानेवारी
अंगणवाडीतून आले तर नाना जास्वंदीपाशी पाटावर बसलेले. चष्मा नाकावर. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून, साबणाच्या पाण्यात बुडवून, एकेक ढेकूण टिपतायत. सकाळपासून बसले होते म्हणे. बागेत पाणी द्यायची पाळी होती, ती गड्यावर सोडली.

मी दुसरा पाट घेतला. पाच वाजेपर्यंत टिपत बसलो. फार मुरडलेले शेंडे छाटले, लांब नेऊन जाळले. उरलेल्यावर निंबोळी अर्क.

मधेच म्हणाले, "मीबी दोनदा तिच्या शाळेपाशी जाऊन आलो. दोंडाईच्याले. लांबून पाहिलं. तुले सांगितलं नाही."

कपाशीचं काम आहे सांगून गेले होते दोनदा. तीस वर्षं संसार करून मला हा माणूस कळला नाही, असं वाटलं. काडी त्यांच्या हातातून घेतली.

२५ जानेवारी
नवे शेंडे फुटतायत. दर आठ दिवसांनी फवारते. रात्री झोप लागते आता. रविवारी तनू म्हणाली, तिकडच्या पांढरीला पहिली कळी आलीय, मम्मीनं वर्गातल्या बाईंना दाखवायला फोटो काढलाय. मी म्हटलं, वा! खरंच वाटलं वा.

बरं होत चाललंय असं लिहायला हरकत नाही.

३ फेब्रुवारी
भाऊजींचा फोन. वैशालीला पाचवा महिना. मला माहीत नव्हतं, सांगायला लाजले असतील. डॉक्टरांनी पूर्ण पडून राहायला सांगितलंय, जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही. तिची आई गुडघ्यांनी अधू. पेढीवर आता मिरचीचा हंगाम, भाऊजींना घरी थांबता येत नाही.

"वहिनी, बाळंतपण होईपर्यंत तनूला तुमच्याकडे पाठवू का? परीक्षा तिकडे देईल. पुढचं पुढं बघू."

माझ्या अंगातून काय गेलं ते कसं लिहू? आधी आनंदच. देवाशपथ, आधी आनंद झाला. एक बाई खाटेवर पडून आहे, तिचं मूल धोक्यात आहे, आणि मी मनात तनूची गादी उन्हात घातली.

उद्या सांगते, म्हटलं.

४ फेब्रुवारी
मी सांगायच्या आधीच फोन आला. वैशालीचा नंबर, आवाज तनूचा. हळू.

"मोठीआई, मी काय केलं?"

काय केलंस, बाळा?

"मला परत पाठवतायत."

अगं, मम्मीला बरं नाही, म्हणून.

"मी भांडी घासते. कालपण घासली. मी आवाज करत नाही. बाळ आलं तरी नाही करणार. पप्पांना सांग ना."

मी सांगत होते, तुझं काही चुकलं नाही, काही चुकलं नाही. तीच तीच चार वाक्यं. ती ऐकत नव्हती. म्हणाली, "तिथूनपण असंच पाठवलं होतं मला."

तिथून म्हणजे इथून.

५ फेब्रुवारी
नानांना सांगितलं. म्हणाले, "आनली तर तिले वाटंल, तिकडून हाकललं. नाही आनली तर सुरेशचं घर कोलमडतं."

मग मी जाऊन राहते तिकडे, म्हटलं. वैशालीचंही होईल, पोरगीही तिच्या घरीच राहील. बोलून गेले आणि मगच कळलं काय बोलले ते. तिचं घर.

सुपरवायझर मॅडमना विचारलं. पंधरा दिवसांच्या वर रजा नाही. पुढं चार महिने आहेत. आणि नानांचं काय? त्यांना साधा चहा येत नाही. ते म्हणतात, शिकीन.

वैशालीशी बोलले. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "अक्का, तुम्ही इथं राहाले उन्यात, म्हणजे ती तुमचीच होई जाई पुन्हा." रागानं नाही म्हणाली. पडल्या पडल्या म्हणाली. पाच महिने फडक्यानं पानं पुसणारी बाई. तिचंही खरं आहे.

६ फेब्रुवारी
तिला आणायचं की मी राहायचं, ठरलं नाही, तरी उद्या निघते. नाना जळगावपर्यंत सोडायला येतील. पिशवीत काय काय भरलं, बाहेर काढलं, पुन्हा भरलं. किती दिवसांचे कपडे घ्यायचे ते ठरेना. शेवटी चार साड्या. चार म्हणजे ना धड जाणं, ना धड राहणं.

सकाळी सगळ्या झाडांना पाणी घातलं, नानांना फवारणीचा वार लिहून दिला.

संध्याकाळी तनूचा फोन. पप्पांनी सांगितलं होतं, मी येतेय म्हणून. आवाजात काही कळेना, आनंद का भीती.

"मोठीआई, तू मला न्यायला येतेस, का राहायला?"

मी म्हटलं, "गाडी सकाळची आहे. साडेअकरापर्यंत पोचेन."

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.